पहिली आलेली गाडी हरते कशी? ड्रॅग रेसिंग कडेला उभं राहून बघणाऱ्यांसाठी

ड्रॅग रेसिंगच्या ज्या क्लिप्स फिरत असतात त्यात एक ठराविक प्रकार हमखास असतो. एका लेनमध्ये साधी सेडान, दुसऱ्या लेनमध्ये लांबलचक ड्रॅगस्टर, म्हणजे खास याच शर्यतीसाठी बनवलेली गाडी. सेडान सुटते, ड्रॅगस्टर मात्र तीन-चार सेकंद नुसती गुरगुरत जागेवरच उभी, मग ती सुटते, शेवटच्या काही मीटरमध्ये सेडानला गाठते, लाईनवर चक्क पुढे असते आणि जिंकल्याचा दिवा लागतो सेडानच्या लेनमध्ये. खाली कमेंट्स ठरलेल्या. फिक्स आहे, मशीन बिघडलंय, सेडानवाला आयोजकांच्या ओळखीतला असणार.

यातलं काहीच नसतं. टीव्हीवर ज्या मोठ्या नॅशनल रेस दिसतात त्यातल्या वरच्या क्लासमध्ये दोघं एकदम सुटतात आणि जो आधी पोचला तो जिंकला, त्यामुळे तिथे डोकं लावावं लागत नाही. पण रीजनल लेव्हलला, म्हणजे जिथे नोकरी-धंदा करणारी माणसं वीकेंडला आपापली गाडी ट्रेलरवर घालून येतात, तिथले बरेचसे क्लास वेगळ्याच हिशोबावर चालतात. आणि तो हिशोब माहीत नसेल तर दिवसभर उन्हात उभं राहून फक्त धूर आणि आवाज पदरात पडतो. माझं म्हणणं सरळ आहे, तुम्ही फिनिश लाईनकडे बघताय तिथेच गडबड होते, बघायला हवं ते सुरुवातीला आणि गाडीच्या काचेवर पांढऱ्या रंगाने लिहिलेल्या आकड्याकडे.

आधी अगदी बेसिक

दोन लेनचा सरळ रस्ता, एका वेळी दोन गाड्या. अंतर पाव मैल म्हणजे १३२० फूट, साधारण ४०२ मीटर, किंवा बऱ्याच छोट्या ट्रॅकवर त्याच्या निम्मं, ६६० फूट. हरला तो घरी, जिंकला तो पुढच्या राउंडला. ६४ गाड्या असतील तर जिंकणाऱ्याला लागोपाठ सहा जणांना हरवावं लागतं, आणि आकडा विषम झाला की एखाद्याला एकट्यानेच पळायला मिळतं, त्याला बाय रन म्हणतात.

हा खेळ अमेरिकेत रस्त्यांवरून आणि विमानांच्या धावपट्ट्यांवरून आला. १९५० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा अ‍ॅना इथे धावपट्टीवर तिकीट लावून रेस सुरू झाल्या, १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन म्हणजे एनएचआरए काढली, आणि हेतू अगदी उघड होता, पोरांना रस्त्यावरून उचलून सुरक्षित ट्रॅकवर आणायचं. आज एनएचआरएने आपला पसारा सात डिव्हिजनमध्ये वाटलाय आणि रीजनल इव्हेंट या डिव्हिजनमध्ये होतात, तिथले पॉइंट जमवत माणसं वर सरकतात. (जाता जाता, पाव मैल हे सगळ्यांना लागू नाही. २००८ मध्ये स्कॉट कॅलिटा या ड्रायव्हरचा पात्रता फेरीत अपघाती मृत्यू झाला त्यानंतर टॉप फ्युएल आणि फनी कार या सगळ्यात वेगवान गाड्यांचं अंतर १००० फूट केलं गेलं, थांबायला जास्त जागा मिळावी म्हणून. तेव्हा त्यांचे आकडे बाकीच्यांशी ताडून बघू नका.)

दिव्यांचा खांब आणि जमिनीलगतचे दोन किरण

सुरुवातीच्या जागी दोन लेनच्या मधोमध दिव्यांचा उभा खांब असतो, त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात, ट्रॅकवर सगळे नुसतं ट्री म्हणतात. १९६३ मध्ये हा आला, त्याआधी झेंडा घेऊन माणूस उभा असायचा आणि कोण आधी सुटला यावरून भांडणं व्हायची.

खाली जमिनीलगत प्रत्येक लेनमध्ये प्रकाशाचे दोन किरण आडवे जातात, एकमेकांपासून साधारण सात इंचांवर. पुढचं चाक पहिल्या किरणात आलं की वरचा छोटा दिवा लागतो, याला प्री-स्टेज म्हणतात, आणखी थोडं पुढे सरकून दुसरा किरण अडवला की खालचा लागतो, म्हणजे गाडी स्टेज झाली. दोघंही स्टेज झाले की ट्री सुरू. रीजनलला जास्त करून जो प्रकार दिसतो त्यात तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात आणि मग हिरवा. वरच्या क्लासमध्ये तिन्ही पिवळे एकदम लागून ०.४ सेकंदाने हिरवा येतो.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. घड्याळं दोन आहेत. एक घड्याळ हिरव्या दिव्याबरोबर चालू होतं आणि चाक किरणातून बाहेर पडेपर्यंतचा वेळ मोजतं, हा रिअ‍ॅक्शन टाईम. दुसरं घड्याळ हिरव्या दिव्याकडे बघतच नाही, ते चाक किरणातून बाहेर पडलं की चालू होतं आणि फिनिश लाईनला थांबतं, याला ईटी (इलॅप्स्ड टाईम) म्हणतात. म्हणजे ड्रायव्हर हिरवा लागल्यावर पाच सेकंद जांभया देत बसला तरी त्याच्या ईटीवर काडीचा फरक पडत नाही, ईटी गाडीचा वेग दाखवते, ड्रायव्हरचा आळस रिअ‍ॅक्शन टाईममध्ये येतो, आणि रेस या दोन्हींच्या बेरजेवर ठरते. म्हणून जास्त ईटी असलेली गाडी जिंकलेली दिसते, त्यात चमत्कार काही नाही. सुटतानाच दाबून जिंकण्याच्या या प्रकाराला होलशॉट म्हणतात आणि जाणकार प्रेक्षक सगळ्यात मोठ्याने ओरडतात ते यालाच.

परफेक्ट रिअ‍ॅक्शन म्हणजे ०.०००. हिरवा बघून पाय दाबणारा ते कधीच गाठू शकत नाही, कारण माणसाला बघून हलायला वेळ लागतो आणि वर गाडीलाही चाक किरणातून बाहेर काढायला वेळ लागतो. म्हणून सगळे शेवटच्या पिवळ्यावरच सुटतात. हजारावा भाग जरी आधी सुटलात तरी लाल दिवा, खेळ खलास. कडेला उभे असाल तर ड्रायव्हर किरणात किती आत घुसून थांबतोय तेही बघा, कारण नुसतं टोक लावून थांबलेल्या चाकाला बाहेर पडायला जास्त अंतर लागतं आणि आत घुसून थांबलेलं पटकन सुटतं, त्यात रिअ‍ॅक्शन चांगली मिळते पण लाल लागायची भीती वाढते आणि धाव घ्यायला अंतर कमी मिळाल्याने ईटी जराशी वाढते. कोण आधी पूर्ण स्टेज होणार यावरून दोन ड्रायव्हर एकमेकांचे नर्व्ह तपासत बसतात ते वेगळंच. त्यालाही वेळेची मर्यादा असते.

एक गाडी आधी का सोडतात?

मोठा भाऊ धाकट्याबरोबर पळायची शर्यत लावतो तेव्हा धाकट्याला दहा पावलं पुढे उभं करतो, नाहीतर शर्यतीत मजाच नाही. ब्रॅकेट रेसिंग म्हणजे तेच, फक्त पावलांऐवजी सेकंद. आणि एक फरक असा की धाकटा किती हळू पळतो हे मोठा भाऊ ठरवत नाही, धाकटा स्वतःच सांगतो.

प्रत्येक ड्रायव्हर रेसच्या आधी जाहीर करतो की माझी गाडी हे अंतर इतक्या सेकंदात कापेल. हा आकडा म्हणजे डायल-इन, काचेवर लिहिलेला असतो तो हाच. समजा सेडानने १२.४० लिहिलं आणि ड्रॅगस्टरने ८.६०. फरक ३.८० सेकंद. तेव्हा सेडानला हिरवा दिवा ड्रॅगस्टरच्या ३.८० सेकंद आधी मिळतो. दोघांनी परफेक्ट सुरुवात केली आणि दोघांच्या गाड्या बरोब्बर सांगितलेल्या वेळात पळाल्या तर दोघं लाईनवर एकत्र पोचतील. म्हणजे कागदावर प्रत्येक रेस बरोबरीची. मग उरतं काय, तर दोनच गोष्टी, कोण चांगला सुटला आणि कोणाची गाडी आपल्या शब्दाला जास्त जागली. या दोन्हींची बेरीज, म्हणजे रिअ‍ॅक्शन टाईम अधिक डायल-इनच्या वर गेलेला वेळ, याला ट्रॅकवर पॅकेज म्हणतात. पॅकेज ज्याचं लहान तो जिंकला. ०.०२० च्या आतलं पॅकेज कोणी मारलं तर समोरच्याने बहुतेक वेळा काही चूक न करताही सामान बांधायला घ्यावं.

मग खोटा आकडा सांगायचा की!

हा प्रश्न प्रत्येक जण पाचव्या मिनिटाला विचारतो आणि विचारायलाच हवा. धाकटा म्हणाला की मी फार हळू पळतो, मला तीस पावलं पुढे सोडा, आणि मग सुसाट सुटला तर?

त्यासाठी ब्रेकआउटचा नियम आहे. सांगितलेल्या वेळेपेक्षा कमी वेळात पोचलात तर हरलात. दोघांनीही ब्रेकआउट केलं तर ज्याने कमी फरकाने केलं तो जिंकतो. एकाने ब्रेकआउट केलं आणि दुसऱ्याने लाल दिवा लावला तर लालवाला हरतो, कारण लाल जास्त मोठा गुन्हा धरतात, आणि लेनची रेघ ओलांडून दुसऱ्याच्या लेनमध्ये घुसणं त्याहूनही मोठा.

आता सुरुवातीच्या क्लिपकडे परत जाऊ, फक्त आकडे टाकून. सेडान १२.४० च्या डायलवर १२.४३ पळाली, रिअ‍ॅक्शन ०.०५०, पॅकेज झालं ०.०८०. ड्रॅगस्टरची रिअ‍ॅक्शन ०.०२०, म्हणजे तिथेच तीन शतांश पुढे, पण ८.६० च्या डायलवर गाडी पळाली ८.५७. म्हणजे लाईनवर ड्रॅगस्टर ०.०९० सेकंद पुढे होती, ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगात हे अंतर सहा मीटरच्या वर जातं, डोळ्याला स्पष्ट दिसतं. आणि तरी हरली, कारण तीन शतांश सेकंदाचं ब्रेकआउट.

यातली खरी गंमत बघा. सहा मीटर पुढे असण्याची त्याला गरजच नव्हती. त्याने शेवटी जरा पाय काढला असता, ब्रेकला नुसता स्पर्श केला असता, लीड सहावरून तीन मीटरवर आणली असती, तर ईटी ८.६१ च्या आसपास गेली असती आणि तो आरामात जिंकला असता. म्हणून रीजनल रेसमध्ये शेवटच्या शंभर मीटरमध्ये मुरलेले ड्रायव्हर गॅसकडे बघत नाहीत, समोरच्या गाडीकडे बघतात. हळू गाडीवाल्याला मागे वळून बघावं लागतं की तो किती जवळ आला, वेगवान गाडीवाल्याला अंदाज घ्यावा लागतो की कुठे गाठणार आणि किती सोडून द्यायचं. लाईनच्या अलीकडे एखाद्या गाडीचं नाक एकदम खाली गेलं तर समजा ब्रेक लागला. काही जण मुद्दाम डायल-इन जरा जास्त लिहितात आणि शेवटी ब्रेक मारून हिशोब जुळवतात, याला सँडबॅगिंग म्हणतात. नियमात बसतं. काहींना ते रडीचा डाव वाटतं, मला नाही वाटत, कारण तीनशे-चारशे मीटर पळून एका शतांशाच्या अंदाजाने ब्रेक मारणं हे गॅस दाबून धरण्यापेक्षा अवघड काम आहे आणि चुकलं की तोंडावर आपटता.

मग वेगवान गाडी बनवायचीच कशाला?

खरं सांगायचं तर ब्रॅकेट रेसमध्ये निव्वळ वेगाने काही मिळत नाही. किंमत आहे ती सातत्याला. दर वेळी १२.४१, १२.४०, १२.४२ असं पळणारी कंटाळवाणी गाडी ही एकदा ११.९० आणि एकदा १२.२० पळणाऱ्या चकचकीत गाडीपेक्षा कधीही बरी.

आणि सातत्य बोलायला सोपं, प्रत्यक्षात दुपारची तापलेली हवा आणि संध्याकाळची थंड हवा यातच इंजिनाचा दम बदलतो. थंड, कोरडी, दाट हवा म्हणजे इंजिनाला जास्त ऑक्सिजन, गरम आणि दमट हवेत कमी. त्यासाठी गाड्यांच्या शेजारी छोटी वेदर स्टेशनं लावलेली दिसतील आणि दर राउंडच्या आधी काचेवरचा आकडा पुसून नवा लिहिताना माणसं दिसतील. हा पुसलेला आकडा बघत राहा, गेल्या राउंडला ८.६० आणि आता ८.५६ लिहिलं असेल तर त्याला हवा सुधारलीये असं वाटतंय, आणि शेजारच्याने आपला आकडा हलवलाच नसेल तर दोघांपैकी कोणाचा तरी अंदाज चुकलाय. रेस सुरू व्हायच्या आधीच कळतं ते असं.

वेगाची हौस असणाऱ्यांसाठी सोय आहेच. इंडेक्स क्लासमध्ये डायल-इन स्वतः ठरवायचं नसतं, आकडा सगळ्यांना एकच दिलेला असतो, एनएचआरएच्या सुपर कॉम्पला ८.९०, सुपर गॅसला ९.९०, सुपर स्ट्रीटला १०.९०, दोघं एकत्र सुटतात आणि आकड्याच्या खाली गेलात तर तिथेही ब्रेकआउट. समजा सुपर गॅसमध्ये एक जण ०.०१० रिअ‍ॅक्शन मारून ९.९२ पळाला आणि दुसरा ०.०४५ वर सुटून ९.९१ पळाला, तर पहिला जिंकला, ईटी दुसऱ्याची चांगली असूनही. आणि ज्यांना असलं गणितच नको त्यांच्यासाठी हेड्स-अप क्लास, एकत्र सुटा, आधी पोचा, घरी जा.

सगळं कॉम्प्युटरच करतो, ड्रायव्हरचं काय काम?

यात थोडं तथ्य आहे. काही क्लासमध्ये डिले बॉक्स चालतो. ड्रायव्हर पहिला पिवळा दिवा बघताच बटण सोडतो आणि बॉक्स आधीच भरलेला वेळ थांबून गाडी सोडतो, म्हणजे तिसऱ्या पिवळ्यापर्यंत ताण घेत बसायला नको. गाडी जागेवर धरून ठेवायला ट्रान्सब्रेक असतो, तो गिअरबॉक्सच आतून अडवून ठेवतो. सुपर कॉम्पसारख्या क्लासमध्ये थ्रॉटल स्टॉप असतो, तो मध्येच काही वेळ इंजिनाचा श्वास कमी करून गाडीला ८.९० च्या जवळ बसवतो, म्हणूनच ती गाडी सुटल्यावर एकदम दम टाकल्यासारखी वाटते आणि मग पुन्हा उसळते, बिघडलेली नसते.

पण बटण सोडायचं बोट माणसाचंच आहे. आणि ज्यांना हे नको त्यांचे फूटब्रेकवाले क्लास वेगळे असतात, डाव्या पायाने ब्रेक दाबून धरायचा, शेवटचा पिवळा बघून सोडायचा, बस. तिथली ०.०१० ची रिअ‍ॅक्शन बघितली की मानायलाच लागतं.

टाईम स्लिप वाचायला शिका

पळून परत येताना ड्रायव्हरला एका टपरीवजा खोलीतून छापील चिठ्ठी मिळते. पिटमध्ये, म्हणजे रेसर आपापल्या गाड्या लावून त्यांची तयारी करतात त्या जागेत, कोणी दाखवली तर नाही म्हणू नका. वर डायल-इन आणि रिअ‍ॅक्शन, मग ६० फूट, ३३० फूट, ६६० फूट, १००० फूट आणि शेवटी १३२० फुटांपर्यंतचा वेळ. ६६० आणि शेवटाला वेगही छापलेला असतो, आणि शेवटचा वेग हा लाईनवरच्या क्षणाचा नसून शेवटच्या ६६ फुटांतली सरासरी असते.

सगळ्यात जास्त बोलतो तो ६० फुटांचा आकडा. पहिल्या अठरा मीटरमध्ये टायर घसरले तर तो वेळ पुढे भरून निघत नाही, उलट वाढतो, तिथे गमावलेला एक दशांश शेवटी साधारण दीड-दोन दशांश होऊन बसतो. आणि ईटी नेहमीपेक्षा वाईट पण शेवटचा वेग नेहमीसारखाच असेल तर इंजिन ठीक आहे, गडबड सुरुवातीच्या पकडीत झाली. उलट ६० फूट नेहमीसारखं आणि शेवटचा वेग पडलेला असेल तर एकतर इंजिन दमलं किंवा साहेबांनी शेवटी ब्रेक मारला.

कुठे उभं राहायचं

बहुतेक लोक फिनिश लाईनच्या दिशेने सरकतात. तिकडे दोन ठिपके झूम करून जातात. पहिल्यांदा जात असाल तर सुरुवातीच्या जरा पुढे, साठ फुटांच्या आसपासची जागा पकडा, जिथून ट्री, गाडीची काच आणि स्कोअरबोर्ड तिन्ही दिसतील. राउंड सुरू व्हायच्या आधीच्या टाईम ट्रायल चुकवू नका, कोणती गाडी किती पळते हे तिथेच कळतं आणि मग काचेवरचा आकडा खरा की चालूपणा ते ओळखता येतं.

पाण्यात चाकं फिरवून धूर काढतात ते शो म्हणून नाही, बर्नआउटने टायर गरम होऊन चिकट होतात आणि साफही होतात. ट्रॅकवरही पकड यावी म्हणून चिकट द्रव मारलेला असतो, इतका की चालणाऱ्याचा बूट निघून येतो. मध्येच एखाद्याच्या इंजिनाने तेल सांडलं तर साफसफाईत बराच वेळ जातो, चिडून उपयोग नाही, त्या तेलावरून पुढच्याला जायचंय. लाल दिव्याबद्दल एक बारीक गोष्ट, ब्रॅकेटमध्ये हळू गाडी आधी सुटते त्यामुळे जुन्या पद्धतीत तिला लाल लागला की मागच्याने काहीही केलं तरी तो जिंकायचा, आता काही ट्रॅकवर दोघांचे लाल ताडून जास्त घाई करणाऱ्याला हरवतात, तेव्हा तुमच्या ट्रॅकवर काय चालतं ते अनाउन्सरकडे कान देऊन कळेल.

कान म्हटलं म्हणून, इअरप्लग न्या, लहान मुलं असतील तर त्यांना कानावर बसणारे मफ. पिटमध्ये फिरायला बहुतेक ठिकाणी मोकळीक असते आणि रेसर लोक बोलायला आवडणारे असतात, इंजिनाबद्दल विचारलं की सुटतातच. फक्त राउंडसाठी रांगेत हेल्मेट घालून बसलेल्या माणसाला तेव्हा काही विचारू नका, आणि तो हरून परत येत असेल तर डायल-इन काय ठेवला होता हा प्रश्न निदान गाडी ट्रेलरवर चढेपर्यंत थांबवा.